उसनी श्रद्धांजली

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आणि मी म्हणजे कोण? दोन माणसं आणि एक कप चहा मिळाला की ज्याचा किस्सा सुरू होतो तो. कोलोनच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला 'अहो, त्याच्या हातातला माइक घ्या कुणीतरी' असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं तो. असा माणूस आठ वर्षं एक गोष्ट पोटात ठेवतो, म्हणजे ती कसली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

सुरुवात आयर्लंडच्या संसदेपासून करावी लागेल. हसू नका. खरंच तिथूनच सुरुवात होते.

मी इथे एका छोट्या कंपनीत आहे. वेगवेगळ्या देशांच्या संसदांमधली भाषणं आमच्याकडे येतात, मशीन त्यांचा चार ओळींचा सारांश करतं, आणि मशीनने कुणाचं वाक्य भलत्याच्या तोंडी घातलेलं नाही ना, हे मी तपासतो. होय, पगार मला याच कामाचा मिळतो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, याचा.

त्यात माझ्या वाट्याला आयर्लंडचं वरचं सभागृह आलं, आणि त्या सभागृहात एक सिनेटरबाई. नाव सांगत नाही. पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या. रोज सकाळी कामकाज सुरू झालं की उठायच्या आणि म्हणायच्या की, मी सभागृहाचा फार वेळ घेणार नाही. आणि मग घ्यायच्या. बंद पडलेलं पोस्ट ऑफिस, शाळेची उशिरा येणारी बस, अँब्युलन्स वळू शकत नाही असा रस्ता, त्या रस्त्यावर बसलेल्या मेंढ्या. सभापती सांगायचे, 'बाई, वेळ संपली', आणि बाई त्यांचे आभार मानून पुढच्या मेंढीकडे वळायच्या. मशीन बिचारं दर वेळी एकच सारांश काढायचं: सदस्यांनी रस्त्याबद्दल चिंता व्यक्त केली. मी मात्र त्या बाईंच्या प्रेमात पडलो होतो. त्यांची जुनी भाषणं काम नसतानाही काढून वाचायचो. मंडळात त्यांची नक्कल करायचो, मेंढ्यांसकट. लोक खुर्च्यांवरून पडायचे.

त्या सभागृहात एक पद्धत आहे. जुना सदस्य वारला की एक दिवस ठरवून सगळ्या पक्षांचे लोक एकामागून एक उभे राहतात आणि त्याच्याबद्दल बोलतात. वर गॅलरीत त्याच्या घरचे बसलेले असतात. शेवटी सगळे मिनिटभर उभे राहतात. अशाच एका दिवशी बाई बोलल्या होत्या, विरुद्ध पक्षाच्या एका म्हाताऱ्या सदस्याबद्दल. दोघं दहा वर्षं एकाच रस्त्यावरून भांडलेले. शेवटच्या दिवसांत त्या त्याला हॉस्पिटलात भेटायला गेल्या. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने कागद मागितला आणि लिहिलं: तुझंच बरोबर होतं. पण कुणाला सांगू नकोस.

बस, एवढंच. मी ते ऑफिसात वाचलं आणि डोळे पुसायला किचनमध्ये गेलो. आणि — आता खरं सांगायचंच तर — डोळे पुसता पुसता मनात आलं, काय किस्सा आहे. आपला का नाही?

आता मिलिंद.

मिलिंद माझा मित्र. बॉबलिंगेनमध्ये आम्ही पहिली नोकरी एकत्र केली, मग दोघंही कोलोनला आलो. मंडळाच्या नाटकांत मी रंगमंचावर असायचो आणि तो पडद्यामागे. लाइट, साउंड, पडदा, सगळं त्याच्याकडे. आमचं भांडण एकच, बारा वर्षं चाललेलं. तो घड्याळ बघून पडदा उघडायचा, समोर चार माणसं असली तरी. मी म्हणायचो, अरे, आपली माणसं आहेत, पार्किंग शोधतायत, थांब की. तो म्हणायचा, 'तू जर्मनीत का आलास मग?' एकदा तर त्याने पडदा उघडला तेव्हा मी अर्ध्या मिशीत होतो. दुसरी अर्धी मेकअपवाल्याच्या हातात.

मग मिलिंदला घशाचा कॅन्सर झाला. सात आठवडे हॉस्पिटलात होता. शेवटचे दोन आठवडे गळ्यात नळी, बोलणं बंद. मग गेला.

शोकसभा जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये ठेवली होती. अनघावहिनींनी, त्याच्या बायकोने, मला बोलायला सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार? मंडळाचा वक्ता मी, जुना दोस्त मी. मी लिहायला बसलो, आणि कागदावर काही उतरेना. खरी आठवण नव्हती असं नाही. होती. पण ती सांगता येण्यासारखी नव्हती. का, ते पुढे येतंच.

मग मी बाईंचं भाषण उघडलं.

पूर्ण घेतलं. अख्खं. रस्त्याच्या जागी पडद्याची वेळ घातली, आयरिश म्हाताऱ्याच्या जागी मिलिंद. आणि बाईंच्या जागी मी. मी उभा राहिलो आणि सांगितलं की, मी त्याला हॉस्पिटलात भेटायला गेलो, सकाळच्या वेळी, तो एकटा होता. त्याने खुणेने कागद मागितला. इथे मी थांबलो. कुठे थांबायचं ते मला कळतं हो, आयुष्यभर तेच केलंय. मग ती दोन वाक्यं म्हटली.

सगळा हॉल हसला आणि हसता हसता रडायला लागला. आणि मी — हे सांगायला जीभ रेटत नाही — मला बरं वाटलं. मस्त जमलं, असं वाटलं.

मी खाली आलो तर अनघावहिनी समोर. हात जोडून उभ्या. म्हणाल्या, 'भाऊजी, माफ करा मला. मला वाटत होतं तुम्ही एकदाही आला नाहीत. मनातल्या मनात फार बोलले मी तुम्हाला.'

मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, 'असू दे हो, वहिनी.'

मी त्यांना माफ केलं. ऐकताय ना? मी त्यांना माफ केलं.

कारण मी गेलो नव्हतो. एकदाही नाही. सात आठवडे. हॉस्पिटल माझ्या घरापासून ट्रॅमने चार स्टॉपवर. मला त्याला तसं बघायची भीती वाटत होती. एवढंच आहे ते, त्याला दुसरं मोठं नाव नाही.

इथे थांबता आलं असतं. पण आठवड्याने वहिनींचा फोन आला. 'ती चिठ्ठी असेल ना तुमच्याकडे? जुईला हवीय. बाबाचं शेवटचं अक्षर आहे.' जुई, त्यांची मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. हरवली, असं म्हणता आलं असतं मला. फेकली गेली, नर्सने उचलली, काहीही. किस्से रचणं हाच तर माझा धंदा. पण मी म्हणालो, 'आहे ना, जपून ठेवलीय.'

मिलिंदचं अक्षर मला पाठ होतं. नाटकाच्या लाइटच्या याद्या तो हाताने मराठीत लिहायचा. तिरपं, डोक्यावर रेघ न देता, शब्द एकमेकांना चिकटलेले. मी किचनच्या टेबलाशी बसलो. आजारी माणसाचा हात थरथरेल म्हणून डाव्या हाताने सराव केला. सात कागद फाडले. आठवा नेऊन दिला.

आणि खरी आठवण? तीही सांगून टाकतो, आता कुणासाठी ठेवायची?

त्याचा आवाज जायच्या आधी त्याने मला फोन केला होता. 'कधी येतोयस?' म्हणाला. मी घरी होतो, जिन्यात उभा. म्हटलं, 'अरे, मी कामासाठी बॉबलिंगेनला निघालोय, ट्रेनमध्ये आहे.' त्याला ते पटलं नाही, असं मला वाटलं. तेव्हा — माझ्या अंगात जे आहे ते काही मला सोडत नाही — मी नाक चिमटीत धरलं, फोन जरा लांब केला आणि ट्रेनमधल्या त्या अनाउन्समेंटवाल्या बाईंचा आवाज काढला. नेक्स्टर हाल्ट, बॉबलिंगेन. आउसश्टीग लिंक्स. पुढचं स्टेशन बॉबलिंगेन, आणि उतरायची बाजू डावी, हेसुद्धा सांगितलं.

बारा वर्षं पडद्यामागून माझे सगळे आवाज त्यानेच स्पीकरवर सोडले होते. तो त्या फाटलेल्या घशाने म्हणाला, 'बाईंना सर्दी झालीय वाटतं.' आणि मग म्हणाला, 'बरं, उतर. स्टेशन चुकेल.'

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

माझ्याशी बोललेली त्याची ही शेवटची वाक्यं. खरी, त्याची, त्याच्या तोंडची. कुठल्याही आयरिश म्हाताऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा मिलिंद त्यांत जास्त आहे. मरणाच्या दारात त्याने मला पकडलं आणि सोडूनही दिलं, तेही विनोद करून. अनघावहिनींना आणि जुईला हे ऐकायचा हक्क होता. पण ते सांगायचं तर मी कुठे उभा होतो तेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांचं खरं मी लपवून ठेवलं आणि त्यांच्या हातात चोरलेलं दिलं.

त्या सिनेटरबाई आता निवृत्त झाल्या. त्यांची भाषणं माझ्याकडे येत नाहीत. नक्कल तर मी शोकसभेनंतर बंदच केली. लोक विचारतात, त्या मेंढ्या करा ना. मी टाळतो. बाई रोज उठून त्याच त्या रस्त्याबद्दल बोलत, आणि आम्ही हसत होतो. पण त्या म्हाताऱ्याला बघायला त्या गेल्या होत्या. त्याच्या उशाशी बसल्या होत्या. ती दोन वाक्यं त्यांना तिथे मिळाली.

गेल्या महिन्यात जुई घरी आली होती. कायझर्सलाउटर्नला शिकते आता, एकोणीस वर्षांची आहे. मराठी कळतं तिला, बोलते जर्मनच. वहिनी डबा घेऊन पुढे आल्या होत्या, ही मागून. जॅकेट काढलं, शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. 'गुक माल, काका.' बघा म्हणाली. मनगटापासून कोपरापर्यंत, निळ्या शाईत गोंदलेलं. तुझंच बरोबर होतं. पण कुणाला सांगू नकोस. थरथरत्या अक्षरात, डोक्यावर रेघ नाही.

वहिनी म्हणाल्या, 'मी किती नाही म्हटलं. ऐकते का कुणाचं?' पण डोळे त्यांचे भरले होते.

जुईने बोट ठेवून एक एक अक्षर वाचून दाखवलं. अडखळत. तिला मराठी वाचता येत नाही. तेवढीच दोन वाक्यं येतात. त्या चिठ्ठीवरून शिकली. त्यातला 'झ' मिलिंद असा कधी काढत नसे. तो माझा आहे. एवढा सराव करूनही राहून गेलेला.

'पापास श्रिफ्ट,' ती म्हणाली. बाबाचं अक्षर. 'गेल, काका?' हो ना?

मी म्हणालो, 'हो गं. अगदी त्याचंच.'