तोंडी परवानगी

शांतवन गेल्याची बातमी मी स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा खुर्चीवरून कुणी उठलं नाही. मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लावत होतो आणि त्याच्या बायकोचा, रूथ वहिनींचा फोन आला, "पवार सर, हे उठत नाहीयेत… तुम्ही या." पुढचं शेजाऱ्यानं फोन हातात घेऊन सांगितलं. मी तसाच आत आलो आणि म्हणालो, "आपला शांतवन गेला." गणिताच्या काळे मॅडम वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "पुण्याला? लागली वाटतं एकदाची नोकरी." बाकीचे हसले. त्यांना दोष कसा देऊ? इतकी वर्षं पीटी शिकवताना या स्टाफरूममध्ये मी गप्पांच्या ओघात निम्मा राहुरी तालुका मारून परत जिवंत केला आहे. माझा आवाज असा, की मी मैदानावर 'विश्राम' म्हटलं की कालव्यापलीकडचे ऊसतोड मजूर कोयता खाली ठेवतात. तो आवाज त्या दिवशी फुटेना. मी भिंतीला टेकून खाली बसलो, तेव्हा कुठं मॅडमनी पेन ठेवलं.

शांतवन साळवे आमच्या ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवायचा. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मास्तर, घंटा वाजली की परका. कायम होण्याची वाट बघता बघता त्याचे केस पिकले आणि त्यानं शिकवलेली पोरं कायम होऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. ख्रिस्ती घरातला, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे याच्या बोलण्यालाही एक संथ सूर. चिडला तरी वाटायचं, भजन चाललंय. असा हा माणूस एके दिवशी डबा उघडता उघडता मला म्हणाला, "पवार, मी सायबर सिक्युरिटीची सर्टिफिकेशनं करणार आहे." मला वाटलं, सोसायटीत वॉचमन होतोय.

"अरे, संगणकाची राखण. चोर कुठून शिरतो ते शोधायचं आणि बुजवायचं. आधी परीक्षा द्यायच्या, मग नोकरी. पन्नाशीच्या आत जमलं तर जमलं."

"इतिहासवाल्याला कोण घेणार तिथं?"

"चोऱ्या, फितुरी आणि पडलेले किल्ले. दुसरं काय शिकवलं मी आजवर?"

मग सुरू झाला अभ्यास. शाळा सुटली की आम्ही कालव्याच्या कडेनं फिरायला जायचो आणि मी त्याची उजळणी घ्यायचो. संगणकाला म्हणे हजारो दारं असतात आणि दर दाराला नंबर. "बावीस?" मी ओरडायचो. तो उत्तर द्यायचा. "त्रेपन्न?… चारशे त्रेचाळीस?" मी इतक्या जोरात विचारायचो, की त्या बांधावरच्या म्हशींनासुद्धा पहिला पेपर बसल्या जागी पास करता आला असता. मी म्हणायचो, "शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर, तिथं घरांना दारं नाहीत, आणि तू मेल्या दारं पाठ करतोस." तो हसायचा आणि पुढचा नंबर विचारायला सांगायचा.

पहिल्या वेळी तो नापास झाला. पुण्याहून आला तो एसटी स्टँडवरच बसून राहिला. म्हणाला, "चारही उत्तरं बरोबर असतात रे. त्यातलं सर्वांत बरोबर कुठलं ते सांगा म्हणतात. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं, घटनेला अनेक कारणं असतात… आता एकच निवडू कसं?" पण निवडायला शिकला. दुसऱ्या खेपेला पास झाला, तेव्हा मी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले आणि सांगितलं, की परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परीक्षक नव्हताच तिथं, नुसता कॅमेरा होता. असो.

पुढची परीक्षा चोरासारखा विचार करण्याची. आपणच हल्ला करून बघायचा आणि भोकं दाखवायची. त्या सुमारास शिक्षकांच्या मोबाईलवर फसवे मेसेज फार यायचे. शांतवन आमच्या प्राचार्यांकडे गेला. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. स्टाफरूममध्ये तेव्हा ते, शांतवन आणि चहा पीत मी. तो म्हणाला, "सर, एक खोटा मेसेज आपल्या स्टाफला पाठवून बघू का? कोण फसतं ते कळेल, नंतर सगळ्यांना समजावून सांगेन."

"करा की! विचारता काय? आपलंच घर आहे."

शांतवन घुटमळला. "सर, दोन ओळी लेखी दिल्या असत्या तर… या कामात तो नियमच आहे. परवानगी हातात असेल तर राखणदार, नसेल तर चोर."

मोठ्या सरांचा चेहरा उतरला. "साळवे सर, इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही का तुमचा?"

आमच्याकडं ओळखीच्या माणसाकडं कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. शांतवनला ते जमणार नव्हतंच. "तसं नाही सर… तसं नाही," म्हणत तो मागे सरकला. पुस्तकातलं पहिलं पान, जे त्यानं मला कालव्यावर शंभरदा ऐकवलं होतं, ते त्यानं भिडेपोटी सोडून दिलं.

मेसेज गेला, 'वेतन फरकाची रक्कम जमा. तपशिलासाठी येथे दाबा.' दाबलं की पान उघडायचं, 'सर, फसलात. पुन्हा असं दाबू नका. आपला, शांतवन.' मी फसलो, काळे मॅडम फसल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले चित्रकलेचे सरसुद्धा श्रीरामपूरहून फसले. सर्वांत आधी मोठे सर. हसलेही सर्वांत मोठ्यानं तेच. "साळवे, कमाल केलीत!" हे माझ्या कानांनी ऐकलंय.

पण काही आठवड्यांनी बारावीचे अंतर्गत गुण भरायची वेळ आली आणि शाळेच्या खात्याचा पासवर्ड चालेना. कुणीतरी आत शिरून बदलला होता, गुणांची उलथापालथ झाली होती. संस्थेचे लोक गाडी भरून आले. पहिला प्रश्न, हे असलं कुणाला येतं? सगळ्यांनी एकाच खुर्चीकडं पाहिलं. शांतवन म्हणाला, "मी फक्त तो एक मेसेज पाठवला, तोही मोठ्या सरांना विचारून." मोठे सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला आठवत नाही. लेखी काही आहे का?"

मी उठलो. म्हणालो, "मी होतो तिथं. सरांनी हो म्हटलं." संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "पवार सर, उसात शिट्टी मारून बिबट्याला सावधानमध्ये उभं करणारे तुम्हीच ना?" सगळी खोली हसली. शांतवनही हसला, मला वाईट वाटू नये म्हणून. ते हसू मला अजून दिसतं… बिबट्या खरंच थांबला होता हो. पण सावधानमध्ये नव्हता, हे मला त्या दिवशी कबूल करावं लागलं, आणि त्याबरोबर माझी साक्षही गेली.

पोलिसांत अर्ज गेला. शांतवनचे तास बंद झाले. नगरला सायबरच्या कार्यालयात मी त्याच्याबरोबर जायचो. तिथल्या हवालदारानं आठवड्याभरात सांगून टाकलं, "तुमच्या मोठ्या सरांनीच दुसऱ्या कुठल्या तरी मेसेजवर पासवर्ड टाकलाय. ह्यांचा संबंध न्हाई. अर्ज मागं घ्या म्हणावं, आमचं काय म्हननं न्हाई." आम्ही उड्या मारत परत आलो. मोठे सर म्हणाले, "घेतो ना मागे. बघू."

त्याच वेळी पुण्याच्या एका कंपनीनं शांतवनला निवडलं होतं. दुसरी परीक्षाही तो पास झाला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला कायम करायला निघालं होतं. कागद भरताना प्रश्न आला, आपल्याविरुद्ध काही तक्रार प्रलंबित आहे का? मी म्हणालो, "नाही लिही. कोण येतंय राहुरीला बघायला?" तो म्हणाला, "पवार, त्यांच्या तिजोरीची किल्ली मागतोय मी. सुरुवातच खोट्यानं करू?" त्यानं 'आहे' लिहिलं. कंपनी म्हणाली, ठीक आहे, तक्रार मागे घेतल्याचं शाळेचं एक पत्र आणा, आम्ही थांबतो.

मग तो रोज शाळेत यायचा. ज्या शाळेनं त्याला काढलं, तिच्याच व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. शिपाई त्याला चहा आणून द्यायचा, "घ्या सर, तुमी काय केलं न्हाई हे समद्यांना ठावं हाय." सगळ्यांना ठाऊक होतं. लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. मोठे सर येता-जाता "बघू, बघू" म्हणायचे, कधी खांद्यावर हातही ठेवायचे. एकदा मी त्यांच्या केबिनमध्ये घुसून टेबल उलटं केलं… नाही. टेबलावर हात आपटला, एवढंच. कंपनी थांबायची थांबली, आणि एका सकाळी शांतवनचं हृदय थांबलं. पत्रापायी थांबलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत.

चर्चमधल्या स्मरणसभेला मोठे सर आले. बोलायला उभे राहिले आणि काय बोलले! "साळवे सर म्हणजे निष्कलंक चारित्र्य. आमच्या संस्थेचा प्रामाणिक हिरा." डोळेही पुसले त्यांनी, खरोखर पुसले. ते खाली उतरले तशा रूथ वहिनी पुढच्या बाकावरून उठल्या. आवाज चढवला नाही, पदर सावरला आणि म्हणाल्या, "सर, आत्ता बोललात ते लेखी द्याल का?"

पेटीवाल्याची बोटं तशीच राहिली. मोठे सर इकडं-तिकडं बघून म्हणाले, "बघू ना ताई… आता त्याचा काय उपयोग?"

"आहे," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर संगणक तसाच आहे. चालू केला की पासवर्ड मागतो, आणि तो कुणालाच माहीत नाही. मी म्हणालो, पुण्याहून कुणाला तरी बोलावून उघडून घेऊ. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. यांनी नीट लावून घेतलंय, कुणाला उघडता येऊ नये असंच लावलंय. निदान इथं तरी कुणी शिरायला नको." रोज सकाळी त्या तो चालू करतात, त्या बंद दाराकडं थोडा वेळ बघतात आणि पुसून झाकून ठेवतात.

मग त्याचीच खुर्ची पुढं ओढून मला म्हणाल्या, "पेपरात लिहा तुम्ही. पण पवार सर, या वेळी एक शब्दसुद्धा वाढवू नका."

तर वरचं सगळं माझ्या पद्धतीनं लिहिलं आहे. म्हशी, पेढे, टेबल, ज्याला जेवढं वजा करायचं त्यानं करावं. पुढचं एवढं मात्र वजा करू नये. स्टाफरूममध्ये आम्ही तिघं होतो. शांतवन साळवे यांनी परवानगी मागितली. प्राचार्य 'करा की' म्हणाले. मी ते ऐकलं, आणि हे मी लेखी देत आहे.