डॉक्टरांच्या यंत्राची थाळी

शेवगावला एसटी स्टँडच्या मागे वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आयटीआयतून रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मी परत आले आणि त्याच दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकलं. गिऱ्हाईक आत यायचं, मला बघायचं आणि वडिलांना विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेलाय?" वडील माझ्याकडं बोट दाखवायचे. निम्मे लोक रेडिओ काखेत मारून परत जायचे.

एका सकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्या हातात मेटल डिटेक्टर होता. आखूड दांडा आणि त्याच्या टोकाला बशीएवढी प्लास्टिकची चपटी थाळी. जनावराच्या अंगावरून ती फिरवायची, आत लोखंड असलं की यंत्र कुईं करतं. गाय वैरण नीट न चावता गिळते. वैरणीत खिळा किंवा तार असली तर ती पोटात जाते आणि तिथून काळजाकडं सरकते.

"दवाखान्यात एक गाय आहे," डॉक्टर म्हणाले. "मला तारेचा संशय आहे. पण नुसत्या संशयावर पोट कसं फाडू? आणि हे नेमकं मुकं झालंय. कंपनी म्हणते थाळी उघडता येत नाही, नवीन मागवा. महिना लागेल."

"गाय किती थांबेल?"

"उद्यापर्यंत. फार तर."

वडील मोटारीवरून मान वर न करता म्हणाले, "सीलबंद माल हाय. नको उघडू. फुटला तर आपल्या नावावर बसंल."

"तसाही बंदच आहे," डॉक्टर म्हणाले. "उघडा, ताई."

त्या दुकानात मला "उघडा, ताई" असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

थाळीत तारेच्या वेटोळ्यांच्या दोन कॉइली होत्या. एक लहर सोडणारी, दुसरी लोखंडाची चाहूल घेणारी. पहिलीला मीटर लावला, काटा लगेच सरकला. दुसरीला लावला, काटा ढिम्म. केबल जिथं थाळीत शिरते तिथं मी ती जरा वाकवली आणि काटा क्षणभर उडून परत पडला. म्हणजे तार तिथंच कुठंतरी तुटली होती. मला एवढं पुरेसं होतं.

हॅक्सॉचं जुनं पातं घेऊन थाळीच्या सांध्यावरून हलक्या हातानं फिरवत राहिले. तासाभरानं झाकण सुटलं. आत राळेसारखा कडक तपकिरी थर. सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं तो ऊन करायचा, मऊ झाला की सुईनं खरवडायचा, परत ऊन करायचा. वासानं डोळे चुरचुरत होते. शेवटी तार दिसली. केसाएवढी, हिरवी पडलेली, टोकाला तुटलेली. गोठ्यात धुताना कधीतरी पाणी शिरलं असणार. मी ती तांबडी दिसेपर्यंत खरवडली, नव्या तारेचा तुकडा जोडला, मीटर लावला. काटा सरकला.

यंत्र चालू केलं तर ते एकसारखं किंचाळायला लागलं.

टेबलावरचं लोखंड असेल म्हणून सगळी हत्यारं खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढलं, थाळी घेऊन बाहेर लाकडी बाकावर गेले. तरी तेच. वडील उठून मागोमाग आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि थाळीत वाकून बघितलं. आयुष्यभर मोटारीच पाहिलेल्या त्या माणसानं एका नजरेत सांगितलं, "खरवडताना तुझा हात लागला. जागेवरून हललीय ती."

ते बरोबर होतं. एकीचा आवाज दुसरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्या दोन्ही कॉइली एकमेकींवर बसवलेल्या होत्या, आणि तो बेत मी बिघडवला होता.

खराट्याची काडी घेऊन मी वरची कॉइल कणभर ढकलली. किंचाळणं वाढलं. उलट्या बाजूला ढकलली. कमी झालं. आणखी जरा. "दाबू नको, सरकव," वडील म्हणत होते. आणि मग एकदम शांत. रस्त्यावरच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मी श्वास रोखून कडेला चिकटद्रव्याचे चार थेंब सोडले आणि ते वाळेपर्यंत काडी हलू दिली नाही. वडिलांनी वीतभर अंतरावर चावी धरली. कुईं! त्यांनी चावी लांब नेली, परत जवळ आणली. कुईं! चार वेळा तेच केलं. लहान मुलासारखे हसत होते.

दवाखान्यात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा मध्ये यायला नको म्हणून गाय चिंचेखाली बांधली होती. पाठीची कमान, कोपरं बाहेर, डोळे खोल गेलेले. मालकीण तिच्या गळ्याला धरून उभी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, चार दिस झालं, तिनं काडी तोंडात घेतली न्हाई. बोलंल का गं तुजं यंत्र?"

डॉक्टरांनी थाळी पाठीवरून फिरवली. काही नाही. कुशीवरून. काही नाही. मग डाव्या कोपरामागं, छातीच्या खालच्या अंगाला नेली, आणि यंत्र असं खणखणीत ओरडलं की गायीनं कान टवकारले.

डॉक्टरांनी तिथंच भूल देऊन कूस उघडली. खांद्यापर्यंत हात आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि बोटभर लांबीची गंजकी तार बाहेर काढून उन्हात धरली. मालकिणीनं तारेकडं पाहिलं नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि भोवतीच्या गर्दीला ओरडून सांगितलं, "हिनं केलं! ह्या पोरीनं!"

तिसऱ्या दिवशी मी एसटी पकडून तिच्या गावाला गेले, मुद्दाम, काम काही नव्हतं. गाय गोठ्याबाहेर उभी राहून हिरवं कडवळ खात होती, कचाकचा, सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं. मी तिच्यासमोर दगडावर बसले आणि पेंढी संपेपर्यंत उठले नाही.