नकोताईंचा होकार

रंगाच्या त्या कारखान्यात नकोताईंचं खरं नाव फारसं कुणाला आठवत नसे. खरेदी खात्यात त्यांनी एकवीस वर्षं काढली होती. कुणी नवी खुर्ची मागायला गेलं, की ताई आधी "नको" म्हणायच्या आणि मग चष्मा लावून अर्ज वाचायच्या. रंगशाळेतला थोरला मिस्त्री म्हणायचा, "ताईंना स्वर्गातून बोलावणं आलं ना, तरी आधी तीन कोटेशनं मागवतील."

त्या नन्नाच्या पाढ्यामागची गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. समोरचा काय म्हणाला हे ताईंना निम्म्या वेळा ऐकूच आलेलं नसे. नोकरीची पहिली आठ वर्षं त्यांचं टेबल रंग घोटणाऱ्या मोठ्या मिक्सरला लागून होतं. त्या घरघरीनं डावा कान पार गेला आणि उजवा जेमतेम अर्धा उरला. बैठकीत चार माणसं एकदम बोलू लागली, की ताईंना नुसते ओठ हलताना दिसायचे. न ऐकता "हो" म्हणून गळ्यात काहीतरी पडण्यापेक्षा "नको" म्हटलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. कानात यंत्र घालायचं तर लोक काय म्हणतील, या विचारानं त्यांनी तेही टाळलं होतं.

त्या वर्षी कचेरीतले जुने कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. सिस्टीम सांभाळणारी मुलगी म्हणाली, आतच एआयची चिप असलेले घेऊ या. थोडे महाग पडतील, पण घेऊ या. मोठ्या साहेबांनी नमुन्याचा एक लॅपटॉप ताईंपुढे ठेवला. "दोन आठवडे वापरा आणि लेखी मत द्या." ताईंचं मत काय असणार हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं.

"यात वेगळं काय आहे?" ताईंनी त्या मुलीला विचारलं. समोर बसून, तोंडाकडे बघत.

"ताई, आपल्या मिक्सरच्याच मोटरवर लिफ्टही चालवायची म्हटलं तर काय होईल?"

"दोन्ही रडतील."

"तेच. यात एआयच्या कामाला वेगळी चिप आहे. बोललेलं ओळखणं, फोटो तपासणं, पत्राचा मसुदा करणं, हे ती करते. बाकीचा कॉम्प्युटर मोकळा राहतो, बॅटरीही टिकते."

"हे सगळं नेटवर फुकट मिळतं म्हणे."

"मिळतं. पण तिथं आपला मजकूर बाहेर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर जातो. आपल्या निळ्या रंगाचं सूत्र पाठवाल तुम्ही बाहेर?"

ताई दचकल्या. तो निळा म्हणजे कारखान्याचा जीव की प्राण. त्याचं सूत्र मोठ्या साहेबांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. त्यापायीच तर नेटवरच्या एआयला कारखान्यात बंदी होती.

"यातलं काम यातच राहतं," मुलीनं नेटची वायर उपटून टेबलावर ठेवली. "बघा, तरी चालतंय. आणि ही एक गंमत. आसपास जे बोललं जाईल ते खाली लिहून येतं."

ताईंच्या ओठांवर "नको" आलंच होतं. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली.

*नकोताई या मशीनलाही नको म्हणणार, लाव पैज.*

खाली लगेच दुसरी.

*लागली. पण नवीन चष्मा मस्त दिसतोय हं त्यांना.*

ताईंनी सावकाश मान वळवली. मागे खिडकीपाशी विक्री खात्यातले दोघे कारकून चहा पीत उभे होते.

"चष्मा जुनाच आहे," ताई म्हणाल्या. "फ्रेम तेवढी बदलली."

एकाला ठसका लागला. दुसऱ्यानं कप घाईघाईत ठेवला तो बशीच्या बाहेर. ताई पुन्हा पडद्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे गाल लालबुंद झाले होते आणि छातीत काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं.

मग काय विचारता! त्या मशीनला घेऊन ताई कारखानाभर फिरू लागल्या. ज्या तळघराच्या गोदामात फोनची एक काडीसुद्धा येत नसे, तिथंही ते चालतं का बघून आल्या. चाललं. चुका मात्र भरपूर व्हायच्या. एकदा गोदामवाले काका दारात उभं राहून घसा ताणून ओरडले, "प्रायमर आलं का?" पडद्यावर आलं, *प्रिये मर आलं का?* ताई टेबलावर डोकं टेकून हसल्या. काकांना वाटलं बाईंना भोवळ आली. ते पाणी आणायला पळाले.

बॅटरी किती टिकते ते बघायला साहेबांची परवानगी काढून ताईंनी एक दिवस लॅपटॉप घरी नेला. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस सरळ, पण आवाज असा मऊ की सुई पडली तर ती जास्त वाजेल. संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ते डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडत होते. पडद्यावर ओळ आली.

*राणीसरकार आज कचेरीच घेऊन आल्या. आता नवऱ्यानं चहासाठी अर्ज करावा की काय.*

ताईंना खुदकन हसू फुटलं.

यजमानांच्या डोळ्यावरचं भिंग टपकन टेबलावर पडलं. "तुला ऐकू आलं?"

"वाचलं."

ते उठून ताईंच्या मागे आले आणि पडदा बघत राहिले. मग म्हणाले, आणि तेही खाली लिहून आलं, *म्हणजे इतकी वर्षं तुला माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं? मला वाटायचं, माझे विनोद तुला आवडत नाहीत.*

"आणि मला वाटायचं, तुम्ही बोलतच नाही!"

मग त्या माणसाला असा काही हुरूप आला की बस. लग्नापासूनचे सगळे वाया गेलेले विनोद त्यांनी आठवून आठवून पुन्हा सांगितले. त्यातले निम्मे अगदीच टाकाऊ होते. ताई त्यांनाच जास्त हसल्या.

दोन आठवड्यांनी बैठक भरली. ताईंनी लॅपटॉप समोर ठेवून कागद उघडला आणि पहिलाच शब्द वाचला, "हो."

या खेपेला साहेबांनीच कान पुढे करून विचारलं, "काय म्हणालात?"

"घ्यावेत, असं माझं मत आहे. पण सरसकट नकोत. रंगशाळा, खरेदी आणि विक्री, एवढ्यांनाच. फाटकावर नुसती नोंद करायची असते, तिथं साधा पुरे. आपण अकरा प्रोग्रॅम वापरतो, मी एकेक तपासला. आज या चिपचा उपयोग त्यातले चारच करतात."

"चारच? मग जास्त पैसे कशाला द्यायचे?"

"कारण जुने यंदा बदलायचेच आहेत आणि नवे पाच-सहा वर्षं चालवायचे आहेत. आज साधे घेतले, तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा माझ्याच दारात याल. आणि तेव्हा मी नको म्हणेन." सगळे हसले. "शिवाय आपली सूत्रं घराबाहेर पडत नाहीत. आणि नेट गेलं तरी काम थांबत नाही." ताईंनी कागद मिटला. "एक कारण यात लिहिलेलं नाही. मला ऐकू कमी येतं. बरीच वर्षं. या मशीनमुळे या बैठकीत कोण काय बोलतं ते मला पहिल्यांदाच कळलं."

सगळ्यांच्या नजरा त्या पडद्याकडे वळल्या. मग थोरला मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, पाच वर्षांपूर्वी मी रंगशाळेसाठी पंखा मागितला होता. तुम्ही केवढ्या ओरडला होतात माझ्यावर!"

ताईंनी पडद्यावर वाचलं आणि कपाळावर हात मारला. "पंखा होय! मला डंका ऐकू आलं. म्हटलं, रंगशाळेत डंका कशाला हवाय या माणसाला?"

खोली नुसती फुटली. मोठे साहेब डोळे पुसत होते, सिस्टीमवाली मुलगी खुर्चीतून घसरायच्या बेताला आली होती. पंखा तिथल्या तिथं मंजूर झाला, तोही एकाच कोटेशनवर.

महिन्याभरात अठरा नवे कॉम्प्युटर आले. साहेबांनी मिक्सरजवळ काम करणाऱ्या सगळ्यांचे कान तपासून घेतले आणि ताईंच्या उजव्या कानात एक बारीकसं यंत्र बसलं. कॅन्टीनमध्ये त्या नेहमी भिंतीकडच्या टेबलाशी एकट्या डबा खायच्या. त्या दिवशी डबा उचलून त्या मधल्या मोठ्या टेबलाशी जाऊन बसल्या. चौघेजण एकाच वेळी त्यांच्याशी बोलू लागले.

"अहो, एकेकानं बोला की," ताई म्हणाल्या.

कुणीही ऐकलं नाही.