आवाज करणारे टायर

माझं शेत हवं म्हणून चुलत दिरानं वाटेवर मुद्दाम पाणी सोडलं. चिखलाला कंटाळून मी विकीन, असं त्याला वाटलं. मी जुन्या फोर-व्हील जीपसाठी जालन्यात टायर बघायला गेले. नवे परवडेनात, तेव्हा दुकानदारानं खोल नक्षीचे वापरलेले चार दाखवले. “ताई, पकड बराबर आहे, पण लई आवाज करतील.”

“मंग हेच बसवा. त्याला घरात ऐकू जाऊ दे.”

दुसऱ्या सकाळी जीप चिखल तुडवत पार गेली. वाटेलगतच्या घरासमोर उभ्या दिराच्या पांढऱ्या गाडीवर काळे शिंतोडे उडाले. तो धावत बाहेर आला. “दिसत न्हाई का?”

मी जीप मागं घेतली आणि पुन्हा तिथूनच, जरा जोरात नेली. फार बरं वाटलं.