डावीकडची शेवटची पट्टी

रामटेकला मावसबहिणीकडे मी जेवायला बसले होते, तेव्हा शेजारच्या शकुंतलाबाईंचा फोन आला. सुधाकर गेला… माझा धाकटा भाऊ. बाई रडत रडत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "एवढ्या उन्हात कूलर बंद करून बसले होते जी भाऊ!" त्यांना त्याचं नवल वाटत होतं. मला मात्र तेवढ्यावरून कळलं, की शेवटच्या घटकेलाही तो काहीतरी रेकॉर्ड करत होता. काय, ते कळलं नाही. नंतर मशीनवर ऐकलं, तर नुसती शांतता होती.

नंदनवन कॉलनीतल्या घरात आम्ही दोघंच. दोघांचीही लग्नं राहून गेली. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, जयंतीचे कार्यक्रम गाजवायचा. पुढे ऑर्केस्ट्रे बसले आणि तो घरीच कॉम्प्युटरवर गाण्यांना संगीत द्यायला लागला. त्यासाठी तबल्याचा आवाज मिळाला, बासरीचा मिळाला, पण मनासारखा पियानो काही मिळेना. इंटरनेटवरून किती पियानो उतरवून घेतले असतील! दिवसभर तेच टिंग टिंग. मला सगळे सारखेच वाटायचे. तो तोंड वाकडं करायचा. "हा आंघोळ करून, पावडर लावून आला वं ताई. याच्यात लाकूडच नाही."

शेवटी सदरमधल्या एका जुन्या शाळेच्या हॉलात खरा पियानो असल्याचं त्याला कळलं. मुख्याध्यापिकांच्या मागे लागून लागून त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत परवानगी मिळवली. एकेक सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर स्वतःचा पियानो करायचा; तो माइकपाशी बसणार आणि पट्ट्या मी दाबायच्या.

"मले काय येते गा त्यातलं?"

"तुले येत नाही म्हणूनच तर नेऊन राहिलो. वाजवणाऱ्याचा हात लगेच गाणं म्हणायले लागते."

पंखे बंद, खिडक्या बंद. घामाच्या धारा. एकेक पट्टी आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. बांगड्या त्यानं आधीच काढायला लावल्या होत्या. सूर पूर्ण विरेपर्यंत श्वाससुद्धा धरायचा. तो हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत बसायचा, आणि शेवटचा कण संपला की म्हणायचा, "घे आता श्वास, ताई." खालच्या जाड सुरांना विरायला इतका वेळ लागायचा की जीव कासावीस व्हायचा. "मारतं काय मले?" म्हणून मी मध्येच ओरडले, की तो सूर पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावर कित्येक दिवस तो सुरांच्या मागची स्वतःची वाक्यं कापत बसला. डावीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीवरचं मात्र राहिलं. घरच्या कीबोर्डवर ती दाबली की सूर विरल्यावर आतून हा बोलायचा. मला हसू आवरेना.

"कापत काहून नाही गा?"

"राहू दे वं. एवढ्या खाली आपलं कोणतं गाणं जाते?"

आळशी तर होताच. राहिलं ते राहिलंच.

आता घर खायला उठतं. कूलर दिवसभर घरघरत असतो आणि बंद कर म्हणणारं कोणी नाही. याच कूलरवरून मी त्याच्याशी उभ्या उन्हाळ्यात भांडले. आता कूलरचाच आवाज सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा एक मित्र आला, गाण्यांच्याच कामातला. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, केव्हाही बसेल, पियानो नव्या डिस्कवर उतरवून देतो, म्हणाला. एकेक पट्टी तपासत डावीकडे गेला आणि थांबला. मी स्वयंपाकघरात होते. सुधाकर गेल्यापासून ती पट्टी दाबायची माझी हिंमत झाली नव्हती.

"ताई, यात भाऊंचा आवाज राहिला जी. कापून साफ करून देऊ?"

ओल्या हातानंच बाहेर आले. "हात नका लावू जी त्याले. पियानो कोणालेही द्या, पण ते पट्टी तशीच राहू द्या." फार जोरात बोलले असेन. तो बिचारा चहा न घेताच गेला.

मग मी कूलर बंद केला. खिडकी लावली. शेवटची पट्टी दाबून धरली आणि सवयीनं श्वास धरला. सूर खोलीभर पसरला, पातळ होत गेला… होत गेला… नाहीसा झाला.

"घे आता श्वास, ताई."

"घेतला गा," मी म्हटलं.

बोट शेजारच्या पट्टीवर नेऊन ठेवलं. पुढची पट्टी कोणी सांगितली नाही. मग उठून कूलर लावला.