नाचऱ्या कर्सरची नोंदवही

माघातल्या एका दुपारी रसिका घाडीगावकरच्या हातून दोन दिवसांचे एक बाळ मेले. १९११ सालच्या गावदप्तरात ते जन्मले होते आणि धडधाकट होते. पण त्याचे नाव टंकत असताना लॅपटॉपवरचा कर्सर आपणहून उडाला, शेजारच्या मृत्यूच्या तक्त्यात जाऊन बसला, आणि बाळाच्या नावापुढे ‘कारण : ज्वर’ असे लागले. रसिकाच्या ते ध्यानातही आले नाही. ध्यानात आणून दिले ते गौरजा मॅडमनी, फोनवर.

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी संगणकावर उतरवून घेणाऱ्या एका संस्थेत गौरजा मॅडम तपासनीस होत्या. त्या ओरडत नसत, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे जास्त लागे.

“रसिकाताई, शंभर नोंदींत दोन चुका आम्ही धरून चालतो. तुमच्या दुसऱ्या गठ्ठ्यात शंभराला अकरा आहेत. पहिल्यातही तसंच होतं. तिसराही असाच आला, तर काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल.”

“मॅडम, त्या चुका माझ्या हाताच्या नाहीत.”

“मग कोणाच्या?”

तिसरा गठ्ठा द्यायला पाच आठवडे होते.

कट्टा या बाजाराच्या गावापासून पाच-सहा किलोमीटर आत, माडांच्या आणि काजूंच्या मधोमध तिचे घर. लग्नापूर्वी कट्ट्याच्या टंकलेखन वर्गातून ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली, अठरा वर्षे तसेच राहिले. त्या अठरा वर्षांत तिने भात लावले, भात कापले, काजू गोळा केले, दोन मुली वाढवल्या आणि त्यांना शिकायला कुडाळला धाडले. मग या कामाची जाहिरात आली, आणि पिशवी उघडली गेली. स्वतःच्या नावावर मिळालेले हे तिचे पहिले काम होते. ते जाणार, तेही ‘हिला जमले नाही’ असा शेरा मिळून, ही गोष्ट तिला घासाघासाला आठवू लागली.

सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, आपला निकाल तत्काळ दिला. “अगो, अठरा वर्सां कोयतो धरलंस. त्या हाताक ह्यां नाजूक काम कसा जमतला? यंत्राक तुजो हात सोसणा नाय.”

नवरा मंगेश रेडी बंदरावर कामाला. शनिवारी घरी येई. त्याने फोनवरूनच निदान केले. “खारी हवा गो ती! हयसर लोखंड खाता, तुजा यंत्र काय चीज?”

“रेडीक समुद्र आसा,” रसिका म्हणाली. “आमच्या दारात माड आसत. समुद्र खंय आसा?”

कट्ट्याच्या संगणकाच्या दुकानातल्या समर्थने लॅपटॉप उघडून टचपॅडची संवेदनशीलता तळाला नेली. “वयनी, आता बोट आपटलात तरच हलतला.” घरी आल्यावर कर्सर पहिल्यापेक्षा थोडा कमी नाचला, पण नाचलाच. माऊस जोडायची सोय नव्हती. दप्तर बाहेर जाऊ नये म्हणून संस्थेने लॅपटॉपची सगळी भोके सील करून दिली होती, आणि बिनतारी माऊसची जोडणीही बंद होती. बॅटरी एवढी जुनी, की चार्जर काढला तर वीस मिनिटांत पडदा काळा.

‘जड हात’ मात्र रसिकाने मान्य केला नाही. टंकलेखन वर्गाचे मास्तर विद्यार्थ्यांच्या मनगटावर चार आण्याचे नाणे ठेवत आणि ते पडले की पान पुन्हा पहिल्यापासून टंकायला लावत. तिने एक रुपयाचे नाणे घेतले, उजव्या मनगटावर ठेवले आणि वीस नोंदी उतरवल्या. नाणे जागचे हलले नाही. कर्सर सात वेळा उडाला.

त्या संध्याकाळी तिने मुलीची अर्धी कोरी वही काढून रकाने आखले : तारीख, वेळ, चार्जर लावलेला की काढलेला, हात कोरडे की ओले, उड्या. शेवटी एक रुंद रकाना, ‘त्या दिवशी घरात काय काय झाले’. हा शेवटचा रकाना तिने का आखला, हे तिला नंतरही नीट सांगता आले नाही. दुसऱ्यांची दप्तरे वाचून वाचून लागलेली सवय असावी.

तीन आठवड्यांत वही बोलू लागली. हात ओला असो वा कोरडा, उड्यांत फरक नव्हता. चार्जर काढून ती वीस-वीस मिनिटे बारा वेळा बसली. एकही उडी नाही. चार्जर लावला, की नाच सुरू. म्हणजे खोट चार्जरची? तोच चार्जर घेऊन ती कट्ट्याला समर्थच्या दुकानात गेली. दप्तर बाहेर उघडायची मनाई होती, म्हणून कोऱ्या पानावर तासभर काहीबाही टंकत बसली. एकही उडी नाही. घरी परतून तोच चार्जर लावला : तासात एकोणीस.

“माई, खोट माज्या हातात नाय,” ती म्हणाली. “यंत्रात नाय. घरात आसा.”

“घराक नाव ठेवतंस?” माई उखडल्या.

“नाव नाय ठेवणंय. नोंद करतंय.”

आणखी एक गोष्ट तिने टिपली होती. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून हाताची पालथी बाजू फिरवली, की बारीक मुंग्या येत.

आणि एक दिवस सगळ्या हिशेबाबाहेरचा होता. १८ फेब्रुवारीला चार्जर दुपारभर लावलेला, आणि उड्या शून्य. शेवटच्या रकान्यात एवढेच लिहिले होते : ‘माईंनी गोधड्या धुतल्या.’

“माई, त्या दिवशी गोधड्यांचा पाणी खंय ओतलात?”

“खंय म्हणजे? खळ्यात. जुनी तुळस होती थंय. थंयसून उतार आसा.”

तुळस! तुळशीचे लग्न लागल्यावर मंगेशने हौसेने खळ्याला, म्हणजे पुढच्या अंगणाला, पेव्हर ब्लॉक बसवले होते, आणि मधोमध असलेले वृंदावन आड येते म्हणून नवे टाइल्सचे वृंदावन पूर्वेच्या कोपऱ्यात उभारले होते. रसिकाने तारखा मांडल्या. तुळस हलली कार्तिकात. कर्सर नाचू लागला पौषाच्या अखेरीस, जमीन सुकल्यावर. पण तुळशीचा आणि टचपॅडचा संबंध काय? ओढून-ताणून संबंध जोडणे तिला पटणारे नव्हते. तिने घराची वायरिंग केलेल्या हरिश्चंद्रकाकांना बोलावले. सत्तरी उलटलेले हे वायरमन आता फक्त ओळखीच्या घरी जात.

काकांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग ते खळ्यात येऊन उभे राहिले आणि चहूकडे पाहू लागले.

“तुळस खंय गेली?”

“थंय, कोपऱ्यात.”

“आणि माजो अर्थिंगाचो खड्डो?”

“तो खंय होतो, काकानू?”

“तुळशीच्या पायथ्याक! माजी पद्धतच ती. अर्थिंगाक ओलावो होयो. जांभ्यात ओलावो उन्हाळ्यात खंय गावतलो? पण घरातलो माणूस उपाशी ऱ्हवात, तुळशीक पाणी पडल्याशिवाय ऱ्हवणा नाय. वीस वर्सां तुमी देवाक पाणी घालीत होतात, ता माज्या तारेक पावत होता.” त्यांनी खाली पाहिले. “आता मी खड्ड्यारच उभो आसंय.”

त्यांनी पिशवीतून दोन तारा लोंबणारा टेस्ट लॅम्प काढला, त्याची एक तार प्लगच्या वीज येणाऱ्या भोकात घातली, दुसरी अर्थिंगच्या. दिवा कसाबसा लालसर झाला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

“ह्या बग. बाहेर जावची वीज वाट गावणा नाय म्हणान यंत्राच्या पत्र्यार घुटमळता. तुजो पॅड तिकाच बोट समाजता. आता ओत पाणी.”

रसिकाने कळशी उचलली. चार कळश्या पेव्हरच्या फटींतून घटाघट उतरल्या. काकांनी पुन्हा तारा लावल्या, आणि दिवा असा लख्ख पेटला, की पडवीतल्या माईंनी डोळ्यांवर हात घेतला.

“म्हणजे सुनेचो हात जड नाय तर?” माई म्हणाल्या.

“हात हलको आसा, माई. जमीन सुकली होती.”

शनिवारी मंगेशने स्वतः बसवलेले सहा ब्लॉक स्वतःच उपटले. काकांनी त्याच्याकडून खड्डा खोल करून घेतला, कोळसा आणि मीठ भरले, आणि पाणी ओतण्यासाठी एक पाइप वर काढून दिला. मंगेश घाम पुसत म्हणाला, “खारी हवा म्हणा होतंय ना मी? शेवटी मीठच लागला!” त्याच्या या विजयाची नोंद रसिकाने वहीत केली नाही.

तिने सर्वांत आधी दुसरा गठ्ठा उघडला आणि ते बाळ मृत्यूच्या तक्त्यातून उचलून जन्माच्या तक्त्यात ठेवले. मग तिसरा गठ्ठा घेतला. चारशे नोंदी नऊ दिवसांत संपल्या. मुदतीला दोन दिवस बाकी होते, तरी तिने त्या दोन्ही दिवशी सगळे पुन्हा तपासले. चार्जर पूर्ण वेळ लावलेला. कर्सर जागचा हलला नाही.

आठवड्याने फोन आला. “रसिकाताई, चारशेत फक्त दोन चुका. पान बारा आणि पान एकतीस. अभिनंदन!”

“मॅडम, ती दोन पानं जरा उघडता का? तारखा मुळातच खोडून वर लिहिल्यात. मी आहेत तशा घेतल्या आणि शेऱ्यात तसं लिहिलंय.”

पलीकडे माऊसची टकटक ऐकू आली.

“बरोबर आहे,” गौरजा मॅडम म्हणाल्या. “शून्य. चौथा गठ्ठा आजच पाठवते.” मग त्यांनी विचारले, “त्या दिवशी चुका तुमच्या हाताच्या नाहीत म्हणालात. मग कोणाच्या होत्या?”

रसिकाने वही समोर ओढली आणि पहिल्या तारखेपासून सांगितले. बाहेर खळ्यात माई कोपऱ्यातल्या तुळशीला पाणी घालून, उरलेला तांब्या घेऊन पाइपकडे निघाल्या होत्या. हे आता रोजचे झाले होते.

“ताई, दोडामार्गला आमच्या एक बाई आहेत,” सगळे ऐकून मॅडम म्हणाल्या. “त्यांच्याही चुका अशाच येतात. त्यांचंही काम काढून घ्यायचं ठरत होतं. ही वही त्यांना पाठवाल?”

“आजच पाठवते. पण आधी त्यांना विचारा,” रसिका म्हणाली, “त्यांची तुळस हल्ली हलवली का?”