शेजारच्या सीटचं तिकीट

थीम पार्कचं तिकीट स्वस्त आहे असं म्हणणारा एकही माणूस आज मीरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही. पण ते वसूल होतं, असं छातीठोकपणे सांगणारा एक माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. दर मोसमात तिकीट वाढतं. वाढलं की भाईंदर पश्चिमेच्या सोसायट्यांमधून एकच सूर निघतो: आत शिरायचे पैसे, लॉकरचे वेगळे, जेवणाचे वेगळे, रांगेत उभं राहायचं नसेल तर त्याचे वेगळे, वर घरची पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात आणि आत तेच पाणी चढ्या भावाने विकतात. मामा हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. यातलं एकही वाक्य ते खोडत नाहीत. "महाग आहेच," ते म्हणतात. "नाही कोण म्हणतंय? पण महाग पडणं वेगळं आणि फुकट जाणं वेगळं." मग ते समोरच्याला विचारतात की गेल्या लग्नाला आहेर किती केला आणि तिथे कोणाकोणाशी बोलणं झालं. समोरचा आठवायला लागतो. तेवढ्यात मामांचा मुद्दा सिद्ध झालेला असतो, निदान मामांपुरता.

मामा एका विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झाले. गिरगावातली खोली सोडून ते भाईंदरला आले तेव्हा त्यांच्या खिडकीतून मिठागरं दिसत. आता समोरच्या इमारतीतल्या मारवाडी कुटुंबाचा टीव्ही दिसतो. मामा त्या टीव्हीवर क्रिकेट बघतात. आपला बंद ठेवतात. चौकार बसला की दोन्ही खिडक्यांतून हात वर होतात आणि मॅच हरली की दोन्ही घरांचे पडदे एकदम ओढले जातात. भाजीवाल्याशी ते हिंदीत बोलतात, पण त्या हिंदीचा सांगाडा अस्सल गिरगावचा असतो. "भैया, ये मेथी कल की है, मेरे को मत शिकवो," हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, आणि ते ऐकून भाजीवाल्याने निमूटपणे दुसरी जुडी काढून दिलेली मी पाहिली आहे.

मामांचा खरा स्वभाव मात्र वेळेच्या बाबतीत दिसतो. ते कुठेही आधी पोचतात. एका साखरपुड्याला ते पोचले तेव्हा हॉलला कुलूप होतं. यजमान आले तोवर मामांनी रखवालदाराकडून किल्ली मिळवून खुर्च्या लावून ठेवल्या होत्या, आणि मुलाकडच्या मंडळींनी त्यांना हॉलचा मॅनेजर समजून पंखे वाढवायला सांगितले. त्यांनी वाढवले. घरात कोणी आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी मामा दारात असतात, आणि बारशापासून दहाव्यापर्यंत नातेवाइकांच्या कुठल्याही प्रसंगी पहिली चप्पल त्यांची असते. हा गुण मोठा आहे आणि आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाकडे तो नाही. त्याची दुसरी बाजू अशी की मामा कोणासाठी थांबत नाहीत. वाट बघणं म्हणजे वेळेवर आलेल्यांचा अपमान, असं त्यांचं मत आहे. जानेवारीतल्या सहलीची गाडी भाईंदर फाटकापासून ठरलेल्या वेळी सुटते. एका वर्षी ती सुटली तेव्हा मामी रस्ता ओलांडत होत्या. त्या पुढच्या सिग्नलला रिक्षाने येऊन चढल्या.

ही सहल म्हणजे थीम पार्कची वारेमाप महाग वारी नव्हे, तो मामांचा उपक्रम आहे. सगळं घराणं, म्हणजे विरार, डोंबिवली, पुणे आणि नाशिक इथली माणसं, वर्षातून एक दिवस त्या हायवेवरच्या पार्कात न्यायची. ज्याचं तिकीट त्याने काढायचं. खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून मामी पहाटे थालीपिठं लावतात आणि पार्कच्या गेटाबाहेर, गाडीतच, प्रत्येकाला ती संपवायला लावली जातात. पोटात नेलेलं अजून कोणी तपासत नाही, असं मामा सांगतात. मग गेट उघडायच्या आधी रांग लागते आणि मामा रांगेच्या तोंडाशी उभे राहून खऱ्या कामाला लागतात. ते काम म्हणजे जोड्या लावणं.

रोलर कोस्टरच्या प्रत्येक डब्यात दोन माणसं शेजारी बसतात आणि दोघांच्या मांडीवर मिळून एकच लोखंडी दांडी खाली येते. ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे, त्यांना मामा त्या दांडीखाली शेजारी शेजारी बसवतात. रांग अशी हलवतात, एकाला चप्पल बघायला पाठवून दुसऱ्याला पुढे काढतात, की डब्यापाशी पोचेपर्यंत त्या दोघांच्या काही लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा दांडी खाली आलेली असते. लग्नात माणूस दुसऱ्या पंगतीला बसतो, बारशातून पेढा घेऊन निघून जातो. इथून त्याला उठता येत नाही. मामांच्या मते तिकिटाचे पैसे या दांडीचे आहेत. बाकीचं सगळं, डोंगर, बोगदे, पुतळे, ते फुकटात देतात.

माझ्या बायकोच्या दोन मावसबहिणींचं उदाहरण घराण्यात नेहमी दिलं जातं. एकीने फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या फोटोत दुसरीचे डोळे मिटलेले होते आणि तो फोटो काढून टाकायला पहिलीने नकार दिला होता. त्यावरून त्यांनी एकमेकींच्या घरचे दोन गणपती टाळले. मामांनी त्यांना एका डब्यात बसवलं. गाडी वर चढेपर्यंत दोघी विरुद्ध दिशांना बघत होत्या. पहिल्या उताराला धाकटीने मोठीचं मनगट जे धरलं ते खाली येऊन थांबेपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर मोठी म्हणाली, "केवढी नखं वाढवलीस गं," आणि भांडण मिटलं. उपाय नेहमीच लागू पडतो असं नाही. दोन साडूंना असंच बसवलं तर ते उतारावरही भांडत राहिले. बाहेर पडताना काउंटरवर राइडचा फोटो विकायला असतो. त्यात बाकी सगळ्यांचे हात वर आणि डोळे घट्ट बंद. हे दोघे मात्र एकमेकांकडे तोंड करून ओरडतायत. मामांनी तो फोटो, त्याची किंमत ऐकून मागे उभ्या असलेल्या माणसाने हळहळ व्यक्त केली तरीही, विकत घेतला. "बोलतायत की," मामा म्हणाले. "आधी तेही नव्हतं."

इतक्या जोड्या लावणाऱ्या या माणसाची स्वतःची जोडी मात्र दोन वर्षं जमत नव्हती. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याशी बोलत नव्हत्या. मामा त्यांना बेबी म्हणतात. दोघांची आई मामांच्याच घरी वारली, पहाटे. मामांनी नाशिकला फोन केला, सासूबाई लगेच निघाल्या, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. स्मशानात मिळालेली वेळ झाली. मागे दुसऱ्या घरची माणसं त्यांच्या माणसाला घेऊन उभी होती. मामा थांबले नाहीत. सासूबाई पोचल्या तेव्हा सगळे परत येऊन अंघोळीला लागले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, मामींच्या गळ्यात पडून रडल्या आणि भावाकडे न बघता परत गेल्या. त्यानंतर त्यांचे फोन मामींना येत, मामांना नाही. सहलीला त्या दोन वर्षं आल्या नव्हत्या.

या वर्षी तिकीट पुन्हा वाढलं आणि सहलीलाच विरोध झाला. पुण्यात आयटीत असलेला भाचा निखिल, जो घराण्यातला सगळ्यात समंजस मुलगा आहे, त्याने मामांच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून सगळ्यांना पटवून दिलं की एवढ्यात थोडी भर घातली तर माणशी तीन रात्री व्हिएतनाम होतं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की व्हिएतनामला माणसाला शेजारच्याजवळून उठून जाता येतं की नाही.

"मामा, विमानातून कुठे उठून जाता येतं?" निखिल म्हणाला.

हॉलमध्ये हशा पिकला. "विमानात हेडफोन घालतात," मामा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता आणि ते सगळ्यांना कळलं. तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बेबी येतेय या वर्षी." निखिलने लॅपटॉप मिटला. व्हिएतनामचा विषय पुन्हा निघाला नाही.

सासूबाई आल्या, पण मी कशातही बसणार नाही हे त्यांनी गाडीतच जाहीर केलं. पार्कात शिरल्यावर रोलर कोस्टरसमोरच्या बाकावर त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या मांडून घेतल्या आणि पाठ ताठ करून बसल्या. आता मामा काय करतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मामांकडे काही योजना असल्याचं दिसत नव्हतं. त्यांनी नेहमीसारख्या जोड्या लावल्या, एकेकाला आत पाठवलं, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा एक पाऊल मागे घेतलं. राइड चालवणारा म्हणाला, अंकल बैठो, एक सीट खाली है. "नहीं," मामा म्हणाले, "मेरा आदमी आने का है." आणि कठड्याला टेकून त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

मग त्याच्या मागच्यालाही. गाडी जात होती, येत होती. आम्ही इतर राइड करून आलो तेव्हा मामा तिथेच होते. जेवणाला बोलावलं, आले नाहीत. आयुष्यात ज्यांनी कोणाला पुढे जाऊ दिलं नाही ते मामा आता कॉलेजच्या पोरांना, गुजराती कुटुंबांना, एका शाळेच्या अख्ख्या सहलीला वाट देत उभे होते. बाकावरून हे सगळं दिसत होतं. मामी जाऊन सांगून आल्या की ते सकाळपासून उभे आहेत. सासूबाई म्हणाल्या, "उभा राहू दे. त्याला आवडतं रांगेत."

उन्हं कलल्यावर त्या उठल्या. पिशव्या माझ्या बायकोकडे दिल्या आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूने भावापाशी गेल्या. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो.

"काय चाललंय तुझं?"

"थांबलोय," मामा म्हणाले.

"तेव्हा थांबायला काय झालं होतं, दादा?"

मामा म्हणाले, "मागे लोक होते." हे उत्तर त्यांनी दोन वर्षांत सगळ्या घराण्याला दिलं होतं. सासूबाई वळल्या. तेव्हा ते पुढे म्हणाले, "त्यांना सांगायला हवं होतं, माझी बहीण येतेय, जरा थांबा. थांबले असते ते. मी विचारलंच नाही, बेबी."

मग त्यांनी रांगेची साखळी काढली आणि ते बाहेर आले. सकाळपासून राखलेली जागा अशी सोडून देताना त्यांना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं.

दोघं बाकावर बसली. त्या बाकाला दांडी नव्हती, कोणीही केव्हाही उठून जाऊ शकत होतं. सासूबाईंनी जे विचारलं ते त्यांना दोन वर्षांत दुसऱ्या कोणालाही विचारता आलं नव्हतं, कारण आई गेली त्या वेळी खोलीत तिच्यापाशी मामा एकटेच होते.

"शेवटी काय म्हणाली आई?"

"तू निघालीस का, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, निघालीये. पोचेलच."

"तेव्हा तर तुझा फोनही आला नव्हता मला. मी घरीच होते रे."

"माहितीये," मामा म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्या स्टॉलवर गेल्या, सँडविच घेऊन आल्या आणि भावाच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या की लुटतात रे हे. मामांनी मान डोलावली आणि खाल्लं. बंद व्हायची वेळ होत आली होती. मांडव झाकावा तशा एकेक राइडवर ताडपत्र्या ओढल्या जात होत्या. गाडीवाल्याचा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा मामींनी त्याला थांबायला सांगितलं. त्या दिवशी मामा एकाही राइडमध्ये बसले नाहीत, सासूबाईही नाहीत. दोघांचीही तिकिटं पूर्ण दराची होती.

दोघांची वयं आता अशी आहेत की राइडपाशी लावलेल्या पाटीवरच्या सूचना त्यांना उद्देशूनच लिहिल्यासारख्या वाटतात. पुढच्या जानेवारीचा दर गेल्या आठवड्यात जाहीर झाला. तो पुन्हा वाढला आहे. मामांनी तो ग्रुपवर टाकला. नेहमीसारखं समर्थन केलं नाही, एक शब्दही जोडला नाही. मग नाशिकहून सासूबाईंचा मेसेज आला: "दादा, माझं एक धर. बसणार नाहीये मी कशात."